डॉ. लूसी विल्स आणि निळी गोळी

आमच्या भंडारा जिल्ह्यात शाळेतील मुलामुलींस आठवड्यातून एकदा एक निळी गोळी देण्यात येते. दुपारचे जेवण आटोपल्यावर वर्गशिक्षक ती प्रत्येकाच्या तळहातावर ठेवतात, आणि गोळी पोटात गेली की खिशात गेली हे पाहण्यासाठी त्यांस बराच वेळ उभे राहावे लागते. भिंतीपलीकडील गवत कापण्याच्या वेळी रंग धुऊन गेलेल्या कित्येक गोळ्या आम्ही स्वतः वेचल्या आहेत. काही पालकही येऊन आम्हांस विचारतात, की मुलास आजार नसताना हे औषध कशासाठी. त्यांचे विचारणे रास्त आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही त्या प्रश्नाचीच पुढे गवतात टाकलेली गोळी होते.

त्या गोळीत दोन द्रव्ये असतात. एक लोह, ६० मिलिग्रॅम. दुसरे फोलिक आम्ल, ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अवघा अर्धा मिलिग्रॅम. लोहाने रक्त वाढते हे आजीबाईंसही ठाऊक असते. हे दुसरे चिमूटभरही नसलेले द्रव्य मात्र बहुतेकांच्या ओळखीचे नाही. त्याची माणसातील उणीव जगात प्रथम जेथे ओळखली गेली ते ठिकाण लंडन नव्हे, न्यूयॉर्क नव्हे. ते आपल्या मुंबईचे गिरणगाव होय. ज्या बाईंनी ती ओळखली त्या डॉ. लूसी विल्स यांचे चरित्र यंदाच्या अंकात वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. आजोबांच्या वेळेपासून त्यांचा विळे, कोयते, अशा धारेच्या हत्यारांचा कारखाना होता. विळ्याचा हा संबंध वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या अखेरीस एक निराळाच विळा येणार आहे. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील डॉक्टर. अशा घरात मुलीच्या शिक्षणास आडकाठी झाली नाही. चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयात शिकून १९०७ साली त्या केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही. त्या विद्यापीठात स्त्रियांस व्याख्याने ऐकण्याची व परीक्षेस बसण्याची मोकळीक होती; पदवी मात्र पुरुषांसच. हा भेद जाण्यास १९४८ साल उजाडावे लागले. आमच्या मुंबई विद्यापीठाने १८८८ सालीच, म्हणजे विल्सबाईंच्या जन्माच्या वर्षी, कॉर्नेलिया सोराबजी यांस पदवी दिली होती, हे येथे नमूद करण्यात आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचक क्षम्य मानतील.

१९११ साली वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीण गेली. त्याच वर्षी लूसी आईसह सिंहलद्वीपास जाऊन आल्या, आणि १९१४ साली धाकट्या भावासह दक्षिण आफ्रिकेत गेल्या असताना पहिले महायुद्ध पेटले. केपटाउन येथे त्यांनी काही आठवडे स्वयंसेवक परिचारिकेचे काम केले. खडक आणि पाने यांचा अभ्यास केलेल्या या बाई त्यानंतर वैद्यकाकडे वळल्या. १९१५ च्या जानेवारीत त्यांनी लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. हे विद्यालय आमच्या वाचकांस सर्वस्वी परके नाही. बालपणी झालेला विवाह मान्य न करता न्यायालयात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या. विल्सबाई १९२० साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. त्यांनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहून गर्भवती स्त्रियांच्या शरीरात रासायनिक घडामोडी कशा होतात याचा अभ्यास त्या करू लागल्या. आठ वर्षे अशी गेली.

आता मुंबईकडे वळू. त्या काळी हिंदुस्थानात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या भयंकर होती. का दगावतात याची शास्त्रशुद्ध चौकशी व्हावी म्हणून स्कॉटलंडच्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी पुढाकार घेतला होता. या बाईंची बरीच हयात हिंदुस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयांत गेलेली. त्यांनी विल्सबाईंस बोलावून घेतले. १९२८ साली विल्सबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. ही संस्था म्हणजे १८९९ साली राज्यपालांच्या जुन्या वाड्यात आलेली प्लेगची प्रयोगशाळा. १९२५ साली तिला प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

परळचा तो वाडा गिरण्यांच्या मधोमध होता. १९२८ हेच साल मुंबईच्या मोठ्या गिरणी संपाचे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने गिरण्यांची चाके बंद होती. रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे एकेका खोलीत दाटीने राहत. बाया सूत गुंडाळण्याच्या व लड्या करण्याच्या खात्यांत उभ्याने काम करीत, पोटुशी असतानाही करीत. बाळंतपणात बाईस पगारी रजा मिळावी असा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली कायदेमंडळात बोलले होते. विल्सबाईंपुढे ज्या रुग्ण स्त्रिया येत त्यांतील पुष्कळ या अशा कष्टकरी वस्तीतील असत.

त्यांचा आजार असा: गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, जिना चढता धाप लागे, आणि प्रसूतीच्या वेळी थोडा रक्तस्राव झाला तरी ती हाती लागत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर एक नवल दिसे. लोह कमी पडले म्हणजे तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. येथे पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या. जणू घर बांधावयास विटा पुरेशा नाहीत, आणि ज्या आहेत त्या वाजवीपेक्षा फुगलेल्या. अशाच मोठ्या पेशी युरोपात घातक पांडुरोग नावाच्या एका दुखण्यात दिसत. अमेरिकेतील मायनट व मर्फी यांनी त्या दुखण्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ साली नुकताच प्रसिद्ध केला होता. तेव्हा मुंबईच्या बायांचा रोगही तोच, असे मानून मोकळे होणे सोपे होते.

विल्सबाईंनी तसे मानले नाही. घातक पांडुरोगात जठरातील आम्ल नाहीसे होते. या बायांत ते शाबूत होते. मग दोन्ही रोग एक कसे? जंतूंमुळे होत असेल का, हेही त्यांनी पाहिले. मग त्यांनी जो प्रश्न केला तो आज कोणासही साधा वाटेल: या बाया जेवतात काय? मेहता आणि तळपदे ही आडनावे त्यांच्या त्या काळच्या निबंधांवर सहलेखक म्हणून आढळतात. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली, आणि तीतून एक गोष्ट उघड झाली. जिच्या ताटात दूध, फळे, हिरवी भाजी येत होती तिला हा रोग क्वचित होई. जिचे सारे जेवण पॉलिशच्या तांदळावर किंवा पोळीवर भागत होते तिला तो गाठीत असे. मुसलमान वस्तीतील गरीब स्त्रियांचे अन्न सर्वांत निकस निघाले, आणि रोगही त्यांच्यातच सर्वांत अधिक. म्हणजे रोगाचे मूळ स्वयंपाकघरात होते, आणि त्याच्याही मागे पगाराच्या पाकिटात.

संशय आला म्हणून सिद्धांत होत नाही. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्सबाई निलगिरीवरील कुन्नूर येथे पाश्चर संस्थेत गेल्या. तेथे आहारशास्त्राचे गाढे अभ्यासक मॅकॅरिसन यांची प्रयोगशाळा होती. मुंबईतील त्या गरीब बायांचे जेवण जसेच्या तसे पांढऱ्या उंदरांस देण्यात आले. उंदरांचे रक्त घटले. गाभण माद्या पिले होण्यापूर्वीच मेल्या. अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्याचे किंवा दारू आंबविण्याचे किण्व, मिसळले असता रोग टळला. काम फत्ते झाले असे कोणासही वाटावे. पण पुढे असे दिसून आले की त्या उंदरांस उवा झालेल्या होत्या, आणि उवांच्या द्वारे पसरणारा एक जंतूही त्यांचे रक्त खात होता. आता रक्त कशाने घटले? अन्नाने की जंतूने? असा घोटाळा झाला म्हणजे पुष्कळ लोक उवांची गोष्ट तळटिपेत दडवतात. विल्सबाईंनी उंदीर बाजूस सारले आणि तोच प्रयोग माकडांवर पुन्हा केला. चरित्रातील हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगवहीत आकडे उत्तराशी जुळवून लिहिणाऱ्या आमच्या दहावीच्या मंडळींनी तो दोनदा वाचावा. माकडेही त्या अन्नाने रक्तक्षीण झाली आणि यीस्टच्या अर्काने सुधारली.

मुंबईस परतल्यावर त्यांनी रुग्ण स्त्रियांस यीस्टचा अर्क देण्यास आरंभ केला. यकृताचा अर्कही गुणकारी होता, पण तो महाग पडे. शिवाय कित्येकींच्या धर्मात न बसणारा. यीस्टचा सर्वांत स्वस्त अर्क म्हणजे मार्माइट नावाचा एक काळपट, चिकट, खारट पदार्थ. इंग्लंडात दारूच्या भट्ट्यांतून उरलेल्या किण्वापासून १९०२ सालापासून तो तयार होत असे, आणि तेथे लोक तो पावावर फासून खात. त्या खाद्याने परळच्या रुग्णशय्येवरील स्त्रियांचे रक्त थोड्याच दिवसांत भरू लागले. नव्या तांबड्या पेशी रक्तात उतरू लागल्या, धाप कमी झाली, भूक परत आली. १९३१ साली विल्सबाईंनी हा वृत्तांत इंग्लंडच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात छापला. मार्माइटमध्ये नेमके कोणते द्रव्य काम करते हे त्यांस सांगता आले नाही, आणि सांगता येते असा आवही त्यांनी आणला नाही. त्या वेळी ठाऊक असलेल्या जीवनसत्त्वांपैकी ते कोणतेच नाही, इतके मात्र त्यांनी ठरविले. पुढे १९३७ सालापर्यंत आणखी एक पुरावा हाती आला. यकृताचा कच्चा अर्क या रोगावर चालतो, पण घातक पांडुरोगासाठी शुद्ध केलेला अर्क चालत नाही. तेव्हा शुद्ध करताना जे टाकून दिले जाते त्यातच औषध आहे. त्या अनामिक द्रव्यास शास्त्रज्ञ विल्स-घटक म्हणू लागले.

१९३३ साली त्या लंडनच्या रुग्णालयात कायमच्या परत गेल्या. १९३७ च्या अखेरीस दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या, तेव्हा कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी विमानाने केला. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनातच रुग्णालयीन प्रयोगशाळा सांभाळीत होत्या. १९४४ च्या जुलैत जर्मनांचा एक उडता बाँब थेट रुग्णालयावर कोसळला, माणसे मेली. काही दिवसांत प्रयोगशाळा पुन्हा चालू झाली.

इकडे विल्स-घटकाचा शोध दुसऱ्यांच्या हाती गेला होता. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथे मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार टन पालकाची भाजी आटवून तीतून एक द्रव्य वेगळे केले, आणि लॅटिन भाषेत पानास फोलियम म्हणतात म्हणून त्यास फोलिक आम्ल हे नाव दिले. चार टन पालक म्हणजे आमच्या मोठ्या बाजारात बैलगाड्यांची रांग लागावी. हाती आले ते चिमटीतले. १९४५ साली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गिरणगावात पडलेल्या प्रश्नाचे रासायनिक उत्तर एका तेलुगू माणसाच्या देखरेखीखाली निघावे, हा योगायोग लहान नाही.

आता हे द्रव्य शरीरात करते काय? येथे विद्यार्थ्यांनी थोडे लक्ष द्यावे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी दुभंगून दोन होण्यापूर्वी आपल्या डी. एन. ए. ची संपूर्ण नक्कल करते. ही नक्कल चार अक्षरांत लिहिलेली असते. ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन ही त्या चार रासायनिक घटकांची नावे. थायमिन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोसेल यांनी आपल्या सहकाऱ्यासह १८९३ च्या सुमारास वासराच्या थायमस नावाच्या ग्रंथीतून काढले, म्हणून ते नाव. ब-१ या जीवनसत्त्वाचे नावही ऐकावयास असेच लागते, पण त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. परीक्षेत गफलत करू नये. डी. एन. ए. ची भावंड जी आर. एन. ए., तीत थायमिनच्या जागी युरॅसिल असते. या दोहोंत फरक तो किती? एक कार्बन आणि त्यास चिकटलेले तीन हायड्रोजन, एवढाच. युरॅसिलवर ती एक लहानशी गाठ मारली की थायमिन झाले. आणि ती गाठ वाहून आणणारा हमाल म्हणजे फोलिक आम्लापासून शरीरात बनणारे द्रव्य.

हमाल कामावर आला नाही तर काय होईल? युरॅसिल ढिगाने पडून राहील, थायमिन तयार होणार नाही, आणि चौथ्या अक्षराविना नक्कल अर्धवट राहील. पेशी वाढत राहते, फुगते, पण दुभंगू शकत नाही. विल्सबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या त्या थोड्या आणि मोठ्या पेशींचे कारण हे. हाडांच्या मगजात दर सेकंदास लक्षावधी नव्या तांबड्या पेशी घडत असतात, म्हणून उणीव प्रथम तेथे दिसते. आणि गर्भारपणी एका देहात दोन देहांची नक्कल चालते, म्हणून गर्भवतीस प्रथम भोवते. याचा ताळा पाहणारा एक प्रयोगही झाला. १९४६ साली अमेरिकेतील टॉम स्पाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोठ्या पेशींच्या पांडुरोगाच्या रुग्णांस चक्क थायमिनच खाऊ घातले. फोलिक आम्ल काही मिलिग्रॅम पुरते, थायमिन ग्रॅमच्या मापाने द्यावे लागले, पण रक्त वाढले. हमालाच्या हातून येणारा माल थेट दारात आणून टाकण्यासारखाच हा प्रकार होता.

हेच ज्ञान उलट बाजूनेही कामास आले. कर्करोगाच्या पेशी बेसुमार दुभंगतात, म्हणून त्यांस थायमिनची भूकही बेसुमार. सुब्बारावांच्या मंडळींनी फोलिक आम्लासारखीच दिसणारी, पण काम अडविणारी द्रव्ये तयार केली, आणि बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ती रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांस दिली. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की काही मुलांचा रोग काही काळ हटला. त्यापूर्वी त्या रोगाने एकही मूल क्षणभर सुधारले नव्हते, असे म्हटले तरी चालेल. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही रुग्णालयांत वापरतात.

विल्सबाई १९४७ साली रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्या पांडुरोगाचा व आहाराचा अभ्यास करीत राहिल्या. त्यांनी विवाह केला नाही. मोटार बाळगण्यापेक्षा सायकलवरून कामास जाणे त्यांस आवडे. डोंगर चढणे आणि बर्फावरून घसरत दूरदूर जाणे हे त्यांचे छंद. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्या लंडनमधील चेल्सी भागाच्या नगरपालिकेत मजूर पक्षाच्या सभासद होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी, ७५ वर्षांच्या असताना, त्यांचे देहावसान झाले. फोलिक आम्लास आता त्यांचे नाव नाही. विल्स-घटक हा शब्द जुन्या ग्रंथांतच आढळतो. ज्या परळ-लालबागच्या बायांनी त्यांस आपले रक्त तपासू दिले आणि तो काळा चिकट अर्क गिळला, त्यांची नावे कोणी स्मारकावर कोरली नाहीत.

१९९१ साली इंग्लंडातील एका मोठ्या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या स्त्रियांचे एक मूल पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाने गेले होते, त्यांनी पुढील गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्ल घेतले असता तेच व्यंग पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, म्हणजे पुष्कळदा आईस दिवस गेल्याची खात्री पटण्यापूर्वीच. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या आईबापांनी हे वाक्य पुन्हा वाचावे अशी आमची विनंती आहे.

आपल्या जिल्ह्यात पालेभाज्यांचा तोटा नाही. पावसाळ्यात तरोटा आपोआप उगवतो, परड्यात अंबाडी, चवळी, मेथी असते. पण फोलेट हे पाण्यात विरघळणारे आणि फार शिजविल्याने नष्ट होणारे द्रव्य. भाजी तासभर उकडून, पिळून, ते हिरवे पाणी ओसरीवरून फेकून दिले, तर ताटात चोथा तेवढा येतो. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या बाईस सावकाश स्वयंपाक करण्यास सवड नसते, हे आम्ही जाणून आहोत. पण पाणी न फेकण्यास सवड लागत नाही.

राहता राहिला तो विळा. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. प्रार्थनेच्या वेळी ती भिंतीस टेकून उभी राही, तास चालू असता तिची मान खाली जाई, आणि दर महिन्यास चार-पाच दिवस गैरहजर. आम्ही तिला आळशी म्हटले, आणि ते सर्व वर्गादेखत म्हटले. पुढे शाळेत रक्ततपासणी झाली तेव्हा तिला सिकलसेल असल्याचे निघाले. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. कारण तेच चार अक्षरांचे लिखाण. रक्ताच्या लाल द्रव्याच्या पाठात एका ठराविक जागी ॲडेनिनऐवजी थायमिन लिहिले गेलेले असते. कोट्यवधी अक्षरांत एक अक्षर, आणि तेही आईबापांकडून आलेले. पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून मगजास कितीतरी वेगाने नवी भरती करावी लागते, आणि प्रत्येक नव्या पेशीच्या नकलेस थायमिन हवे. त्या मुलीस डॉक्टरांनी रोज फोलिक आम्लाची गोळी सांगितली. तिने आजार बरा होत नाही. भरती मात्र अडत नाही.

अशा मुलांच्या पालकांस एक सूचना. सिकलसेल असलेल्या मुलास लोहाची गरज असेलच असे नाही, कित्येकदा ते अंगात साचतेही. तेव्हा त्याने निळी गोळी घ्यावी की नुसते फोलिक आम्ल, हे डॉक्टरांस विचारून ठरवावे आणि वर्गशिक्षकांस कळवावे. ती मुलगी पुढे शाळेत होती तोवर गोळी वाटण्याच्या दिवशी आमच्या शेजारी उभी राही. स्वतःची तिने सकाळी घरीच घेतलेली असे. ती इतरांचे खिसे तपासावयास येई.